खेळाचे जग, जोडकथा आणि वाचकांचा कौल

खेळाच्या जगात घडणाऱ्या कथेचे नियम कथेच्या आधी छापलेले असतात. लेखक त्या जगात पाऊल ठेवतो तेव्हा तिथे जादू किती चालते, माणसाच्या शरीरात यंत्र किती बसते, गोळी लागल्यावर माणूस किती वेळ उभा राहतो, हे कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले असते आणि त्या नियमांचे पुस्तक वाचकाच्या घरी असते. अशा कथांवरची वाचकांची मते म्हणूनच इतर कथांवरच्या मतांहून वेगळी पडतात. आवडली की नाही यापाशी ती थांबत नाहीत. कथा त्या जगाच्या कायद्याला धरून आहे की नाही, याचा निवाडा वाचक करतो आणि तो करण्याचा अधिकार आपल्याला आहे असे मानतो.

या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे ‘शॅडोरन’ या अमेरिकन खेळाभोवती वाढलेले कथासाहित्य. १९८९ मध्ये शिकागोच्या फासा कॉर्पोरेशनने हा खेळ बाजारात आणला. पुढच्याच वर्षी खेळाच्या निर्मात्यांपैकी एक, जॉर्डन वाइसमन, यांनी संपादित केलेला ‘इन्टू द शॅडोज’ हा कथासंग्रह निघाला. लेखक अनेक, पण जग एक. याच सुमारास रॉबर्ट शॅरेट यांच्या कादंबरीत्रयीचा पहिला भाग ‘नेव्हर डील विथ अ ड्रॅगन’ प्रसिद्ध झाला, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत या एका खेळाच्या जगात कादंबऱ्यांची मोठी रांग उभी राहिली.

हा खेळ टेबलाभोवती बसून खेळायचा. चार-पाच जण जमतात. एक जण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो. बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेऊन ‘मी आता हे करतो’ असे सांगतात. ते साधले की फसले हे फाशांवर ठरते. कागद, पेन्सिल, फासे आणि नियमांचे पुस्तक एवढेच साहित्य. संध्याकाळभर खेळून झाले की हाती एक कथा उरते, पण ती कोणी लिहिलेली नसते. छापील जोडकथा या न लिहिलेल्या कथांच्या शेजारी येऊन बसतात, आणि वाचक त्या वाचताना आपल्या टेबलावर घडलेल्या कथेशी त्यांची तुलना करत असतो.

शॅडोरनच्या जगात साल आहे २०५०, शहर सिअ‍ॅटल. सरकारे दुबळी झाली आहेत आणि बड्या कंपन्यांची स्वतःची पोलीस दले, स्वतःचे कायदे, स्वतःच्या हद्दी आहेत. माणसे मेंदूला तार जोडून संगणकाच्या जाळ्यात उतरतात. इथपर्यंत हे नेहमीचे सायबरपंक झाले. या खेळाने त्यात भर घातली ती जादूची. युगांचे चक्र फिरून जादू जगात परतली आहे, माणसांच्या पोटी एल्फ आणि ड्वार्फ जन्माला आले आहेत, कित्येकांचे ऑर्क आणि ट्रोल झाले आहेत, आणि जर्मनीतल्या एका महाकाय कंपनीचा मालक चक्क ड्रॅगन आहे. सायबरपंक आणि अद्भुतकथा या दोन कुळांचा हा संकर वाचकांच्या वादाचे मूळ ठरला.

संकराचा कणा असलेला एक नियम जवळून पाहण्यासारखा आहे. प्रत्येक पात्राकडे ‘एसेन्स’चे सहा गुण असतात, जिवंतपणाची पुंजीच म्हणायची. शरीरात यंत्र बसवले की त्यातून काही भाग खर्च होतो, आणि पुंजी संपली की पात्र मरते. मेंदूला तार जोडण्याची साधी खोबण, डेटाजॅक, बसवायला सुरुवातीच्या आवृत्त्यांत ०.२ गुण लागत. सामान्य पात्राला हा खर्च नगण्य. जादूगाराच्या बाबतीत मात्र त्याच आवृत्त्यांचा नियम असा की एसेन्स पूर्णांकाने घटो वा अपूर्णांकाने, जादूचे बळ पूर्ण एका अंकाने उतरते. म्हणजे ०.२ च्या खोबणीसाठी सहातला एक अंश कायमचा गमवायचा. यंत्र आणि जादू एका देहात नांदू शकतात, पण एकाची किंमत दुसऱ्याने मोजायची, हा या जगाचा करार आहे. शॅरेट यांचा नायक सॅम व्हर्नर हा एका जपानी कंपनीचा इमानी नोकर. त्याच्या डोक्यात कंपनीच्या कामासाठी डेटाजॅक बसवलेला आहे. नंतर त्याला कळते की आपल्यात जादू आहे. नियम माहीत असलेल्या वाचकाला त्याची कुतरओढ लगेच उमगते, कारण त्या खोबणीचा हिशेब त्याने स्वतःच्या पात्रासाठी कागदावर मांडलेला असतो. नियम माहीत नसलेल्याला तीच गोष्ट लेखकाने घडवून दाखवावी लागते. या दोन वाचकांना एकाच पानावर सांभाळणे हीच या लेखनाची खरी परीक्षा, आणि बहुतेक कथा इथेच जिंकतात किंवा हरतात.

नियमाला बांधलेली जोडकथा भारतीय वाचकाला मुळीच नवी नाही. वेताळपंचविशीचा सारा डोलारा एका नियमावर उभा आहे: उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होतील, आणि तो बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लटकेल. प्रत्येक कथा म्हणजे एक डाव, प्रत्येक उत्तर म्हणजे हरलेला डाव. खेळ संपतो तो राजाला खरोखरच उत्तर सुचत नाही तेव्हा. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलेला मोक्षपट हाही कवड्या टाकून जन्मापासून मोक्षापर्यंत जाणारा खेळ. त्यातल्या सापांना आणि शिड्यांना दुर्गुण-सद्गुणांची नावे होती. खेळणारा घरे ओलांडता ओलांडता एक जीवनकथा वाचत जाई. खेळ आणि कथा यांची फारकत ही अलीकडची गोष्ट आहे.

अनेक लेखकांनी एकच जग वाटून घेण्याची आधुनिक प्रथा रॉबर्ट अ‍ॅस्प्रिन यांच्या ‘थीव्हज वर्ल्ड’ने १९७९ मध्ये रूढ केली. तिथे आधी कथा आल्या आणि खेळ नंतर निघाला. जॉर्ज मार्टिन यांनी संपादित केलेली ‘वाइल्ड कार्ड्‌स’ मालिका १९८७ मध्ये सुरू झाली, तिचा उगम उलट दिशेचा: न्यू मेक्सिकोतले काही लेखक ‘सुपरवर्ल्ड’ नावाचा खेळ इतका खेळत सुटले की त्यातली पात्रे कथांत उतरवल्यावाचून गत्यंतर उरले नाही. जपानमध्ये १९८६ पासून ‘कॉम्प्टिक’ मासिकाने खेळाच्या बैठकींतले संवाद जसेच्या तसे छापले, आणि त्यातून र्‍यो मिझुनो यांच्या ‘रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर’ या कादंबऱ्या जन्मल्या. सायबरपंकचा इतिहास याच काळातला. ब्रूस बेथकी यांची त्या नावाची कथा १९८३ ची, विल्यम गिब्सन यांची ‘न्यूरोमॅन्सर’ १९८४ ची, आणि माइक पॉन्डस्मिथ यांचा ‘सायबरपंक’ हा खेळ १९८८ चा. शॅडोरन आला तेव्हा वाट मळलेली होती.

या जगावरचे सर्वांत गाजलेले प्रतिकूल मत खुद्द गिब्सन यांचे आहे. आपल्या साहित्याचा अंश एल्फांबरोबर मिसळलेला पाहून आपल्याला प्रथम तीव्र किळस वाटली, अशा आशयाचे ते म्हणाले. हे मत हलक्याने घेण्याजोगे नाही. गिब्सन यांच्या भविष्यात चमत्काराला जागा नाही, आणि म्हणूनच तिथल्या माणसाची हार ही पूर्णपणे माणसांनी केलेली हार असते. कंपनी, बाजार आणि यंत्र यांनी चिरडलेल्या जगात मंत्र म्हणणारा शामान आणला की वाचकाला पळवाट मिळते. आक्षेपाचे मर्म हे आहे. त्याचे उत्तर मात्र एसेन्सच्या नियमातच आहे: हे जग जादू फुकट देत नाही. चांगल्या शॅडोरन-कथेत जादू ही पळवाट नसून आणखी एक कर्ज असते. मायकेल स्टॅकपोल यांच्या ‘वुल्फ अँड रेव्हन’ (१९९८) या जोडकथासंग्रहाचा निवेदक वुल्फ कीझ याच्या आत लांडग्याचे चैतन्य वास करते. लढाईत ते त्याला बळ देते आणि त्याच वेळी त्याच्यावर ताबा मिळवू पाहते. प्रत्येक कथेत ही देवघेव नव्याने होते. एकाच लेखकाचा, एकाच निवेदकाचा असल्यामुळे हा संग्रह अनेक-लेखकी संग्रहांपेक्षा एकजीव आहे. बोलणे रांगडे, कथानके रहस्यकथेच्या वळणाची. ज्यांना गिब्सनची थंडगार भाषा हवी असते त्यांना तो उथळ वाटतो, आणि ज्यांना सोबतीला एक ओळखीचा माणूस हवा असतो ते त्याच्याकडे पुन्हा जातात.

या दुसऱ्या जातीच्या वाचकाला मराठी चांगले ओळखते. बाबुराव अर्नाळकरांची हजारावर पुस्तके झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू यांच्या ओढीने वाचली गेली. भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयात हाताला येईल तो भाग उचलायचा, आधीचा वाचला नसेल तर नसो. नारायण धारपांच्या समर्थकथांचा वाचकही असाच. भुताखेतांच्या जगात समर्थांची शक्ती कुठवर पोचते आणि कुठे अडते याचे भान त्याला कथांतूनच आलेले असते, आणि तो मर्यादाभंग खपवून घेत नाही. मालिकेचा वाचक लेखकापेक्षा अधिक काटेकोर असतो, कारण लेखक पुढच्या पुस्तकाच्या घाईत असतो आणि वाचक मागचे सारे लक्षात ठेवून असतो.

अनेक-लेखकी संग्रहाबद्दलची ठरलेली तक्रार असमतोलाची. एका कथेत शहर अंधारे आणि भयाण, दुसऱ्या कथेत तेच शहर साहसांचे मैदान. काही कथांत फाशांचा आवाज ऐकू येतो: पात्र एक वार करते, शत्रू एक वार करतो, पुन्हा पात्र; भांडण पाळीपाळीने चालते. आणखी एक दोष म्हणजे माहितीचा मारा. खेळाच्या पुस्तकातली बंदुकांची नावे आणि गाड्यांचे नमुने कथेत ओतले की खेळणारा खूश होतो आणि बाकीचा वाचक पाने उलटू लागतो. या तक्रारी रास्त आहेत. परंतु असमतोल हा नेहमीच दोष मानता येत नाही. शहर सर्वांना सारखे दिसत नाही. कंपनीच्या बुरुजात राहणाऱ्याचे सिअ‍ॅटल आणि बुरुजाबाहेरच्या उजाड वस्तीतले सिअ‍ॅटल वेगळेच असणार. भिन्न लेखकांच्या भिन्न नजरांनी हे आपोआप साधते, एकट्या लेखकाला ते मुद्दाम घडवावे लागते.

खेळावर आधारलेली म्हणून कथा दुय्यम, हा ग्रह साहित्यिक वर्तुळांत पक्का आहे. नाव किंवा शिक्का पाहून कौल देण्याची ही सवय किती जबर असते, ते १९७४ च्या एका मराठी प्रसंगाने दाखवले. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपली आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मजकूर दुसऱ्याच्या हातून उतरवून घेतला होता. कथेला पहिले बक्षीस मिळाले. तिथे मोठे नाव झाकले होते; खेळाच्या जगातल्या कथांवरचा छोटा शिक्का असाच झाकून त्या वाचायला हव्यात. तसे केले तर कित्येक गळतील, आणि नायजेल फिंडली यांच्या ‘टूएक्सएस’सारख्या (१९९२) काही नक्की टिकतील.

वाचकांच्या मताला या साहित्याने एक वेगळेच स्थान दिले, आणि ही त्याची सर्वांत मौलिक कामगिरी आहे. शॅडोरनची माहितीपुस्तके कोरड्या निवेदनात लिहिलेली नसतात. मुख्य मजकूर हा त्या जगातला एखादा दस्तऐवज असतो: शहराची पर्यटनपुस्तिका, कंपनीचा अहवाल. मधूनमधून त्या जगातल्या भाडोत्री चोरांनी आणि हेरांनी टोपणनावाने टाकलेले शेरे येतात. पुस्तिका सांगते की अमुक वस्ती सुरक्षित आहे; खाली एक जण लिहितो की कालच तिथे आपला माणूस मेला; तिसरा म्हणतो की हा दुसरा कंपनीचा पगारी आहे. कोण खरे, हे पुस्तक सांगत नाही. सूत्रधाराने ठरवायचे. अधिकृत मजकूर आणि त्यावरची अविश्वासू वाचकांची मते मिळून जग तयार होते, आणि वाचक आपोआप त्या शेरे मारणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

मराठीत याला एक थोर आणि फार जुने भावंड आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले. त्या छोट्या छोट्या लीळा म्हणजे एकाच जगातल्या, त्याच माणसांभोवती फिरणाऱ्या जोडकथाच. मूळ ग्रंथ खिलजींच्या स्वारीच्या धामधुमीत नाहीसा झाला आणि महानुभाव अनुयायांनी तो स्मरणातून पुन्हा उभा केला. एकच लीळा कोणाला कशी आठवते याचे भेद पोथ्यांनी ‘वासना’ म्हणून त्या त्या व्यक्तीच्या नावाने नोंदवून ठेवले, एक पाठ खरा धरून बाकीचे पुसून टाकले नाहीत. हेतू अर्थात वेगळा: तिथे श्रद्धा, इथे करमणूक. पण ऐकणाऱ्याच्या मतभेदाला मजकुरात कायमची जागा देण्याचे धाडस दोन्हीकडे आहे, आणि महानुभावांनी ते सातशे वर्षांपूर्वी केले.

वाचकांच्या मतांत एक मत सरकारचेही नोंदवावे लागते. १ मार्च १९९० रोजी अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरात स्टीव्ह जॅक्सन गेम्स या छोट्या प्रकाशनसंस्थेवर छापा घातला आणि संगणकांबरोबर ‘गर्प्स सायबरपंक’ या तयार होत असलेल्या खेळाच्या पुस्तकाचे हस्तलिखितही उचलून नेले. लेखक लॉइड ब्लँकनशिप यांचा संगणकी घुसखोरांशी संबंध होता, आणि हे पुस्तक म्हणजे संगणकगुन्ह्यांची मार्गदर्शिका आहे असे अधिकाऱ्यांनी प्रकाशकाला सुनावले. कल्पित जगाचे नियम त्यांनी खऱ्या जगाच्या सूचना म्हणून वाचले. प्रकाशकाने खटला भरला आणि १९९३ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल देऊन भरपाई मंजूर केली. ब्रूस स्टर्लिंग यांच्या ‘द हॅकर क्रॅकडाऊन’ (१९९२) या पुस्तकात त्या छाप्याची हकीकत सविस्तर आली आहे. जग इतके नेमकेपणाने रचलेले की सरकार फसले, ही या लेखनाची एका परीने पावतीच म्हणायची. प्रकाशकाला मात्र ती फार महाग पडली, त्या काळात त्याला निम्म्याच्या आसपास नोकरवर्ग कमी करावा लागला.

शॅडोरनच्या जगाचा पाया मात्र जादूत नसून जमिनीत आहे, आणि पालघर जिल्ह्यात तारापूरच्या अणुवीज केंद्राजवळ असलेल्या कुंभवलीसारख्या गावात ही बाजू सर्वांत आधी लक्षात यायला हवी. खेळाच्या काल्पनिक इतिहासात कंपन्यांना सार्वभौम हद्दी मिळतात त्या दोन न्यायालयीन निकालांमुळे. पहिला १९९९ चा: दंगलीतल्या जमावाने एका कंपनीच्या वैद्यकीय कचऱ्याच्या ट्रकवर हल्ला केला आणि कंपनीच्या रक्षकांनी लोकांना मारले, तेव्हा कंपनीला सशस्त्र दल बाळगण्याची मुभा मिळाली. दुसरा २००१ चा: शियावासे या जपानी कंपनीच्या खाजगी अणुवीज केंद्रावर पर्यावरणवाद्यांनी हल्ला केल्याचे सांगितले गेले, आणि कंपनीला देशाच्या कायद्यातून मोकळीक मिळाली. अणुभट्टी, रासायनिक कचरा, कुंपण आणि कुंपणाबाहेरचे गाव हे अमेरिकेतल्या वाचकाला भविष्याचे चित्र वाटते; कुंभवलीत ते वर्तमान आहे. तारापूरला पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीला लागून कुंभवली, सालवड, पास्थळ अशी गावे नांदतात, आणि सांडपाण्याने खाडी-समुद्राची मासेमारी बुडते म्हणून मांगेला समाजाच्या परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. इथला वाचक खेळातला इतिहास वाचतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असा असेल की उठवलेले लोक कुठे गेले. शॅडोरनच्या बहुतेक कथा हा प्रश्न विचारत नाहीत, कारण त्यांचे नायक कुंपण फोडून आत शिरणारे असतात, कुंपणासाठी हटवलेले नसतात. फरकही सांगायला हवा: तारापूरचे केंद्र सरकारी कंपनीचे आहे आणि लवादाचे दार मच्छीमाराला उघडे आहे. शॅडोरनच्या जगात ते दारच उरलेले नाही.

याच इतिहासाचा दुसरा भाग आदिवासींचा. खेळात अमेरिकेतल्या आदिवासींच्या जमिनी खनिजांसाठी लुटल्या जातात, त्यांना छावण्यांत डांबले जाते. मग डॅनियल हाउलिंग कोयोट या नेत्याखाली ते महान प्रेतनृत्य करतात, ज्वालामुखी उसळतात आणि २०१८ मध्ये डेन्व्हरच्या तहाने खंडाचा मोठा भाग त्यांना परत मिळतो. खरे प्रेतनृत्य १८९० चे. वोवोका या द्रष्ट्याने शिकवलेले, आणि त्याचा शेवट त्याच वर्षी २९ डिसेंबरला वुंडेड नी येथे लाकोटांच्या कत्तलीत झाला. हरलेल्यांना कल्पनेत जिंकवण्याची ही ओढ पुष्कळ वाचकांना भावली. विचारी वाचकांचा आक्षेप असा की जादू हा आदिवासींचा जन्मसिद्ध गुण ठरवला की त्यांचे राजकारण, संघटन आणि विचार झाकले जातात, आणि वेगवेगळ्या जमातींची एकच ‘इंडियन’ मोट बांधली जाते. पालघर जिल्ह्यात या आक्षेपाला भक्कम आधार आहे. १९४५ मध्ये इथल्या वारल्यांनी वेठबिगारी आणि लग्नाच्या कर्जापोटी राबवणारी लग्नगडीची गुलामी झुगारली ती गोदावरी आणि शामराव परुळेकरांसह सभा भरवून, लाल बावट्याखाली एकजूट करून, गोळीबार सोसून. ती कथा गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये सांगितली, आणि १९७२ मध्ये त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिच्यात ज्वालामुखी नाही. वारल्यांकडे देव होते, तारपा होता, पण वेठ मोडली ती कामाला जायचे नाकारून. खेळाच्या लेखकांना आदिवासींच्या विजयासाठी चमत्कार लागला, हेच त्यांच्या कल्पनाशक्तीचे कमकुवत टोक.

परक्या जगावर नुसते मत देऊन न थांबता वाचकांनी ते आपल्या भूमीवर आणले, असे जर्मनीत घडले. तिथे १९९२ मध्ये ‘डॉइचलान्ट इन डेन शाटन’ हे जर्मनीच्या भविष्याचे पुस्तक स्थानिक लेखकांनी तयार केले, आणि हान्स योआखिम आल्पर्स यांनी त्याच नावाची कादंबरीत्रयी लिहिली. सिअ‍ॅटलचे अनुवाद वाचत बसण्यापेक्षा त्यांनी आपल्या नद्यांचे, आपल्या कारखान्यांचे आणि आपल्या इतिहासाचे काय होईल हा प्रश्न खेळाच्या नियमांना विचारला. २००१ मध्ये फासा बंद पडली, खेळ दुसऱ्या प्रकाशकांकडे गेला. २०१३ मध्ये वाइसमन यांच्याच नव्या संस्थेने वाचक-खेळाडूंच्या वर्गणीतून ‘शॅडोरन रिटर्न्स’ हा संगणकखेळ काढला, तेव्हा त्याची कथा सरळ रेषेतली म्हणून अनेकांना तोकडी वाटली. बर्लिनमध्ये घडणारा पुढचा भाग ‘ड्रॅगनफॉल’ (२०१४) मात्र त्यातल्या सोबत्यांच्या घडणीमुळे उजवा ठरला. त्या पहिल्या खेळाबरोबर खेळाडूंना स्वतःच्या कथा रचण्याचे साधनही दिले होते. वस्त्या, पात्रे, संवाद त्यात हवे तसे मांडता येतात.